मेढ, कैची आणि पत्रा : विटा परिसरातील गोठे व शेड यांच्या छपरांचा इतिहास

महाराष्ट्रातील वास्तूंचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष लेणी, मंदिरे, किल्ले व वाडे यांवर केंद्रित झाले, हे स्वाभाविक होय. या वास्तूंना कर्ते होते, शिलालेख होते, दप्तरेही होती. परंतु ज्या छपराखाली शेतकऱ्याचे बैल, त्याचा कडबा, त्याचा माग आणि अलीकडे त्याच्या कोंबड्या राहिल्या, त्या छपराला इतिहास असू शकतो, ही कल्पनाच फारशी रुजलेली नाही. ‘घरगुती बांधकाम’ या एका शब्दात अशा सर्व रचना कोंबल्या जातात आणि त्यांच्यासमोर ‘अभियंत्याचे बांधकाम’ ठेवून एकाला अडाणी व दुसऱ्याला शास्त्रीय असे ठरविले जाते. जुन्या सातारा जिल्ह्याचा आणि १९६० पासून सांगली जिल्ह्याचा भाग असलेल्या खानापूर तालुक्यात, विशेषतः विट्याच्या आसपास, या द्वंद्वाकडे पाहिले असता हे वर्गीकरण टिकत नाही. सुताराने बांधलेले धाब्याचे घर आणि आजचे वेल्डिंग केलेले पत्र्याचे शेड ही दोन्ही ‘घरगुती’ खरी. पण पहिल्याच्या मागे अनेक पिढ्यांची परीक्षा होती, दुसऱ्याच्या मागे ती नाही.

खानापूर तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. एकाच जुन्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पावसाचा कहर आणि विटा-आटपाडीकडे अवर्षण, अशी विषमता असल्यामुळे छपराचे प्रकारही पूर्व-पश्चिम बदलत गेले. पश्चिमेस उतरते गवती वा कौलारू छप्पर अपरिहार्य होते. पूर्वेस सपाट माळवद पुरेसे होते, इतकेच नव्हे तर उन्हाळ्याच्या तापात तेच अधिक सुखावह होते. माळवदाची रचना सर्वांच्या परिचयाची आहे. दगडी उथळ्यांवर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, त्यांवर किलचणाचा थर आणि शेवटी गावठाणातील पांढऱ्या मातीचा जाड थर. काळी माती पिकासाठी आणि पांढरी वस्तीसाठी हा गावगाड्यातील भेद येथे शब्दशः छपरावर चढलेला दिसतो. पावसाळ्यापूर्वी गवत उपटणे, नवी माती टाकून चोपणे ही दरसालची कामे होती. ती चुकली की घर गळे. परंतु गळणारे घर कोसळण्यापूर्वी वर्षानुवर्षे सूचना देत असे.

या पद्धतीत घराचे माप फुटांत नव्हे, खणांत सांगितले जाई. दोन तुळयांमधील अंतर म्हणजे खण. बाभूळ, लिंब किंवा क्वचित साग यांचे जे लाकूड स्थानिक सुताराला मिळे, त्याची लांबी व वाक लक्षात घेता हे अंतर साधारणतः सात-आठ फुटांच्या आतबाहेर राही. अधिक जागा हवी असेल तर खण वाढवावयाचे, म्हणजेच खांब वाढवावयाचे. खांबांमध्ये जनावरे बांधण्याची सोय आपोआप होत असल्यामुळे गोठ्याला खांबांची अडचण नव्हती. खड्डामागावर बसणाऱ्या विणकरालाही एक-दोन खण पुरत. मोकळ्या रुंदीची गरजच नसल्यामुळे कैचीचीही गरज नव्हती, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. कैचीचा अभाव हे अज्ञानाचे लक्षण मानणे चुकीचे ठरेल.

उतरते छप्पर करावयाचे झाल्यास सुतार तुळईच्या मध्यावर एक आखूड मेढ उभी करी, मेढीवर आढे ठेवी आणि आढ्यावरून दोन्ही पाखांचे वासे खाली सोडी. दुरून पाहणाऱ्यास ही आकृती कैचीसारखीच दिसते: खाली आडवे लाकूड, मध्ये उभे, दोन्ही बाजूंस तिरपे. परंतु बलाच्या दृष्टीने दोन्ही रचना परस्परविरुद्ध आहेत. मेढीच्या छपरात आढ्याचे वजन मेढीतून तुळईच्या पोटावर येते आणि तुळई वाकते. म्हणून तुळई जाड हवी. खऱ्या कैचीत वजन तिरप्या वाशांतून भिंतीकडे जाते, वाशांची बाहेर पसरण्याची ओढ खालचे आडवे लाकूड ताणून धरते, आणि मधला उभा दांडा खालच्या लाकडावर उभा नसून वरच्या टोकाला टांगलेला असतो. तो दाब घेत नाही, ताण घेतो. इंग्रजीतील ‘किंग पोस्ट’ या नावातच खांबाचा भास असल्यामुळे नवशिक्यांची दिशाभूल होते; मराठी कारागिराने त्याला मेढ समजावे यात नवल नाही. पुष्कळ जुन्या घरगुती कैच्यांत मधला दांडा खालच्या लाकडात कुसू घालून नुसता बसविलेला असतो आणि त्याला खालून पकडणारी लोखंडी पट्टी नसते. अशा ठिकाणी कैचीचा केवळ आकार आला, तिचे कार्य आले नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

कैची ही युरोपातही मूळची सुतारांचीच होती. सिनाई पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या संत कॅथरिन मठाच्या चर्चवर सहाव्या शतकातील, सम्राट जस्टिनियनच्या काळातील लाकडी कैच्या अद्याप उभ्या आहेत. त्या घडविणाऱ्यांनी कोणतेही गणित केलेले नव्हते. प्रत्येक दांड्यातील बल कागदावर काढण्याच्या पद्धती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातील होत. अमेरिकेत व्हिपलचे पुलांवरील पुस्तक १८४७ मध्ये आले, मॅक्सवेलची बलाकृतींची पद्धत १८६४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच सुमारास झुरिकमध्ये कुलमानने आलेखीय स्थितिशास्त्राची मांडणी केली. म्हणजे भारतात सार्वजनिक बांधकाम खाते स्थापन झाले (१८५४) आणि त्याच वर्षी पुण्यात त्या खात्यासाठी कनिष्ठ अधिकारी घडविणारी शाळा निघाली, तेव्हा ‘गणिताची कैची’ ही युरोपातही नवीनच गोष्ट होती. हे समकालीनत्व महत्त्वाचे आहे. पाश्चात्त्य देशांत सुताराची कैची आणि अभियंत्याची कैची यांत सातत्य होते, कारण एकाच रचनेचे गणित मांडले गेले. दख्खनच्या पूर्व भागात मात्र गणित आले ते परक्या रचनेसह. मेढीच्या छपराचे किंवा माळवदाचे गणित मांडण्याची निकड खात्याला भासली नाही. खात्याने ते बाजूस सारून कचेऱ्या, शाळा, धर्मशाळा व पोलीस लाईनी यांवर आपली कैची चढविली.

या कैचीबरोबर दोन नवी आच्छादने आली. बाझेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि त्या धर्तीची सपाट, खोबणीची कौले हळूहळू देशावर पसरली. दुसरे आच्छादन म्हणजे पन्हाळी पत्रा. त्याची कल्पना लंडनच्या गोदीतील अभियंता पामर याने १८२९ मध्ये नोंदविली आणि १८३७ मध्ये फ्रान्समध्ये सोरेलने जस्ताचा थर देण्याची रीत काढल्यावर तो टिकाऊ झाला. पत्र्याचा गुण त्याच्या हलकेपणात आहे. बंदरातून रेल्वेने आणि स्थानकापासून बैलगाडीने तो कोठेही नेता येई आणि चार माणसे एका दिवसात गोठा झाकू शकत. त्याचा अवगुणही हलकेपणातच आहे. परंतु तो दिसून येण्यास बराच काळ जावा लागला.

विट्यापासून फार दूर नसलेल्या कुंडल रोड स्थानकाजवळ, त्या वेळच्या औंध संस्थानाच्या हद्दीत, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये आपला नांगरांचा कारखाना हलविला. माळावर उभ्या राहिलेल्या या वसाहतीने लोखंडाचे काम आसपासच्या खेड्यांच्या नजरेच्या टप्प्यात आणले. तथापि लोखंडी कैची शेतकऱ्याच्या आवाक्यात आली नाही. दुसऱ्या महायुद्धापासून लोखंड व पोलाद यांवर जे नियंत्रण आले ते पुढे अनेक वर्षे कमीअधिक प्रमाणात चालू राहिले, आणि सिमेंटवरील नियंत्रण तर १९८२ मध्ये अंशतः व १९८९ मध्ये पूर्णतः उठले. परमिटच्या त्या काळात गोठ्यासाठी अँगल मागणे म्हणजे कचेरीचे खेटे घालणे होते. साहजिकच लाकडी वाशांवर पत्रा ठेवून त्यावर दगड रचण्याची संमिश्र रीत रूढ झाली. सुताराचा सांगाडा जुना, आच्छादन नवे. आणि दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे एक दगड.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या भागातील अर्थव्यवहारात जे बदल झाले, त्यांनी प्रथमच खांबाविना मोकळ्या जागेची मागणी निर्माण केली. विट्याचा हातमाग यंत्रमागाकडे वळला. यंत्रमाग ओळीने बसवावे लागतात, मधून फिरण्यास वाट लागते आणि खांब मध्ये आला की एक माग कमी होतो. सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी खानापूर-आटपाडीचे लोक भारतभर पसरले. त्यांनी मिळविलेला पैसा गावाकडे येऊन विहिरी, बागा व शेड यांत गुंतला. पुढे कुक्कुटपालन वाढले, द्राक्षबागांमागून बेदाण्याची शेड आली, आणि टेंभू उपसा योजनेचे पाणी आल्यावर माळावरील वस्त्यांचे स्वरूपच पालटले. कोंबड्यांच्या शेडला वारा खेळता लागतो, म्हणून त्याची रुंदी साधारण २५ ते ३० फूट ठेवतात, लांबी पूर्व-पश्चिम घेतात आणि दोन्ही बाजू जाळी लावून उघड्या ठेवतात. २५ फुटांचा हा पल्ला स्थानिक लाकडाच्या कोणत्याही तुळईला पेलणारा नव्हता. येथे कैची अपरिहार्य झाली. आणि ती करावयास पुढे आला तो सुतार नव्हे, अभियंताही नव्हे, तर वेल्डिंगचे दुकान घातलेला फॅब्रिकेटर.

या ठिकाणी थोडे गणित मांडणे अवश्य आहे, कारण सबंध प्रश्नाचे मर्म त्यात आहे. २५ फूट पल्ल्याच्या कैच्या दहा-दहा फुटांवर ठेवल्या तर एका कैचीच्या वाट्याला सुमारे २३ चौरस मीटर छप्पर येते. या क्षेत्रावर नऊ इंच मातीचे माळवद असते तर केवळ मातीचे वजन आठ टनांहून अधिक भरले असते. मंगलोरी कौलांचे छप्पर चौरस मीटरला ६५ किलोच्या आसपास, म्हणजे सुमारे दीड टन. पत्रा, त्याखालचे आडवे पाईप व कैची मिळून चौरस मीटरला १५ किलो धरले तर एकूण भार साडेतीनशे किलोच्या घरात जातो. आता वाऱ्याचा विचार करू गेल्यास, भारतीय मानक ८७५ च्या १९८७ च्या आवृत्तीत पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे. या वेगाने येणारा दाब चौरस मीटरला सुमारे ९३ किलो होतो. बाजू उघड्या असलेल्या शेडमध्ये वारा आत शिरून पत्र्याला खालून रेटतो आणि वरून जाणारा वारा त्याला वर खेचतो. दोन्ही मिळून हा दाब जवळजवळ पूर्णपणे वर लागू झाला असे धरल्यास, छपराचे स्वतःचे वजन वजा जाता एका कैचीवर सुमारे १,८०० किलोची उचल उरते. म्हणजे प्रत्येक टेकूवर ९०० किलो, आणि तेही वरच्या दिशेने.

माळवदाच्या सुतारापुढे हा प्रश्न कधीच उभा राहिला नाही. कोणत्याही वादळाला आठ टन माती उचलता येत नाही. त्याचे सर्व कौशल्य खाली दाबणाऱ्या वजनासाठी होते: उथळे रुंद असावे, खांब उभा ओळंब्यात असावा, तुळईचा वाक वर ठेवून ती बसवावी. खांब उथळ्यावर नुसता ठेवलेला असे, पुरलेला नसे, कारण वजनच त्याला धरून ठेवी. पत्रा आला तेव्हा धोक्याची दिशा उलटली. परंतु हाताला लागलेली सवय जुन्या दिशेचीच राहिली. पत्र्यावर दगड ठेवण्यात हीच जुनी बुद्धी दिसते. वजन घातले की छप्पर बसते, हा माळवदाचा धडा. वरील हिशेबाने एका कैचीची उचल रोखण्यासाठी वीस-वीस किलोचे नव्वद दगड लागतील. प्रत्यक्षात आठ-दहा ठेवले जातात, आणि वळवाच्या वादळात पत्रा उडाला म्हणजे तेच दगड खाली झोपलेल्या माणसांवर वा जनावरांवर पडतात.

पायाबाबतही हेच घडते. ९०० किलोची उचल केवळ वजनाने रोखावयाची तर काँक्रीटचा ठोकळा सुमारे पाऊण मीटर लांब, रुंद व खोल हवा. दीड फुटाच्या खड्ड्यात भरलेले काँक्रीट अडीचशे किलोही भरत नाही. असा खांब उभा करताना कोणालाही तो भक्कमच वाटणार, कारण माणूस खांबाला हलवून पाहतो, उपटून पाहत नाही.

अभियंत्याची कैची आणि फॅब्रिकेटरची कैची यांतील सर्वांत सूक्ष्म भेद खालच्या ताणपट्टीत आहे. साध्या वजनाखाली ही पट्टी ताणात असते. म्हणून बारीक सळई किंवा अरुंद पट्टी वापरली तरी काम भागते, आणि लोखंड वाचविण्यासाठी तसे करण्याचा मोह होतो. वाऱ्याने छप्पर उचलले की कैचीतील बले उलटतात: ताणपट्टी दाबात येते आणि बारीक सळई दाबाखाली काडीसारखी वाकते. भारतीय मानक ८०० मध्ये अशा उलटणाऱ्या बलाच्या दांड्याची कृशता ३५० च्या मर्यादेत ठेवण्याचा जो दंडक आहे तो यासाठीच. वर्षानुवर्षे उभे राहिलेले शेड एका संध्याकाळी का पडले, याचे उत्तर पुष्कळदा या एका दांड्यात सापडते. ती वर्षे वजनाची परीक्षा होती. वाऱ्याची परीक्षा त्या एका संध्याकाळचीच. अनुभवाने शिकणाऱ्या कोणत्याही परंपरेला अशा विरळ घटनेपासून शिकणे कठीण जाते. अभियांत्रिकीचा खरा लाभ नेमका येथे आहे: न पाहिलेल्या वादळाचा विचार ती आधी करू शकते.

आणखी एक कारण वास्तूच्या बाहेरचे आहे. गावठाणातील घरे एकमेकांना खेटून असतात. एकाच्या भिंतीने दुसऱ्याचा वारा अडतो. विहिरींवर विजेचे पंप आल्यापासून शेतकरी मळ्यात राहावयास गेला आणि गोठाही बरोबर गेला. विट्याभोवतीचे माळ उघडेबोडके असल्याने तेथील एकाकी शेडवर वारा अडथळ्याविना येतो. मानकांमध्ये उघड्या भूभागासाठी वाऱ्याचे गुणांक वेगळे धरले जातात. गावातल्या घरावरून शेडचा अंदाज बांधणाऱ्या कारागिराच्या हिशेबात हा फरक येत नाही. वस्तीचे स्थलांतर ही सामाजिक इतिहासातील बाब मानली जाते. छपरांच्या इतिहासातही ती तेवढीच निर्णायक ठरली आहे.

अभियंता उपलब्ध नव्हता म्हणून हे घडले, असे म्हणता येत नाही. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय, जे पुढे वालचंदांच्या नावाने ओळखले गेले, १९४७ मध्ये निघाले. कऱ्हाडचे शासकीय महाविद्यालय १९६० चे. अंतर हा अडथळा नव्हता. कायद्याने मात्र गोठा अभियंत्याच्या दृष्टीआड ठेवला. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये ‘शेतघर’ ही स्वतंत्र संज्ञा असून अवजारे, चारा, धान्य व जनावरे यांच्यासाठीचे बांधकाम शेतीचाच भाग समजले आहे. शेतकऱ्याला परवान्याच्या जाचातून सोडविणारी ही तरतूद योग्यच होती. परंतु जेथे परवाना नाही तेथे आराखडाही नाही, असा तिचा परिणाम झाला. कर्जाच्या निमित्ताने मोठ्या शेडचा आराखडा व अंदाजपत्रक होते, पण पुष्कळदा ते कर्जाच्या कागदांतच राहते आणि कैचीची उंची, पाईपची जाडी व टाक्यांची लांबी दुकानासमोरच्या ओट्यावर ठरते. दुसरीकडे, अभियंत्यांच्या प्रमाणित कैच्या प्रायः कारखान्यांच्या मोठ्या गाळ्यांसाठी तयार झालेल्या आहेत. पंचवीस फुटी गोठ्यासाठी स्वस्त, स्थानिक पाईपांची व फॅब्रिकेटरला वाचता येईल अशी मराठी कोष्टके गावोगावच्या दुकानांत पोचली नाहीत. हा दोष कारागिराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

अमेरिकेत शेतघरांच्या कैच्यांबाबत निराळा मार्ग निघाला. १९५० च्या दशकात फ्लॉरिडात दातेरी पत्र्याचे जोड निघाले आणि कैची ही जागेवर करावयाची वस्तू न राहता कारखान्यातून, गणितासह, तयार येऊ लागली. तथापि १९९२ च्या अँड्रू वादळात त्याच फ्लॉरिडात पुष्कळ घरांची छपरे गेली. कैच्या कारखान्याच्या होत्या. त्यांना एकमेकींशी व टोकाच्या त्रिकोणी भिंतीशी बांधणारे आडवे-तिरपे दांडे जागेवर नीट लावले गेले नव्हते. गणित कैचीचे झाले होते, छपराचे झाले नव्हते.

याच्या नेमकी उलट चूक महाराष्ट्रात ३० सप्टेंबर १९९३ नंतर झाली. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे मुख्यतः जाड दगडमातीच्या भिंतींखाली व माळवदाच्या मातीखाली सापडली. खणांचा लाकडी सांगाडा पुष्कळ ठिकाणी भिंती पडल्यावरही उभा राहिला होता. परंतु ‘जुने घर’ म्हणजे दगड, माती आणि लाकूड असा एकच गोळा लोकांच्या मनात होता. त्यामुळे ज्या सांगाड्याने तग धरला तोही टाकून देण्यात आला आणि पत्रा हा सुरक्षिततेचा पर्याय ठरला. भूकंपाच्या दृष्टीने हलके छप्पर हितकारक आहे यात शंका नाही. पण एका संकटातून काढलेला निष्कर्ष दुसऱ्या संकटाला लागू पडत नाही. हलकेपणाने भूकंपात प्राण वाचतात आणि वादळात छप्पर जाते.

विटा परिसरातील या इतिहासाची साधने विरळ आहेत. १८८५ च्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरसारखे ग्रंथ वसाहतकालीन जिल्ह्याचे चित्र देतात. पण गोठ्याचा सांधा पाहावयाचा तर तो उभ्या वास्तूतच पाहावा लागतो. नव्या शेडची स्थिती याहून विलक्षण आहे. ती रोज डोळ्यांसमोर असूनही त्यांची नोंद बहुधा ती पडल्यावरच होते, आणि तीही पंचनाम्याच्या रूपाने. पंचनाम्याचा हेतू नुकसानीची भरपाई हा असल्यामुळे त्यात पत्रे किती उडाले, जनावरे किती दगावली व रक्कम किती हे येते. खांब पायातून उपटला, टाका सुटला की ताणपट्टी वाकली, हे विचारणारा रकाना त्यात नसतो. आठवड्याभरात वाकलेले पत्रे ठोकून सरळ केले जातात, जुन्या कैच्यांना नवे टाके बसतात आणि शेड पूर्वीच्याच खड्ड्यांत पुन्हा उभे राहते.